भट्टीत जागा नाही

"बटाटे गार होताहेत," वहिनी म्हणाली. "भांडायचं असेल तर खाता खाता भांडा."

ही सूचना नवी नव्हती. या घरातली सगळी मोठी भांडणं स्वयंपाकघरातल्या लांब टेबलावर झाली होती, आणि सगळी भरल्या तोंडाने झाली होती. फरक एवढाच की पुरात टेबलाचा एक पाय फुगला होता, त्यामुळे जो कुणी तावातावाने कोपर टेकेल त्याच्या बाजूला टेबल कलायचं. मधला भाऊ म्हणायचा, या घरात आता टेबलसुद्धा निःपक्षपाती राहिलं नाही.

"पाइप आणि फाटे," दादा म्हणाला. "बस्स. भट्टीत दुसऱ्या कशाला जागा नाही."

टेबल दादाकडे कललं.

दादाचं चुकत नव्हतं. पुराने त्यांच्या मातीकामाच्या कारखान्यातला लाकडाचा सगळा साठा भिजवला होता, आणि वाचवून, झाकून, वाळवून जेमतेम एका भट्टीपुरतं लाकूड उरलं होतं. एकदा ही भट्टी लावली की पुढची थेट उन्हाळ्यात. गल्लीची पाण्याची लाइन पुराने उखडून नेली होती. चढावरच्या झऱ्यापासून मातीच्या पाइपांतून उताराने पाणी यायचं, घरोघर पोचायचं. आता अख्खी गल्ली बादल्या घेऊन चढ चढत होती. पाणीखात्याच्या मुकादमाने पाइप मागितले होते, आणि दर घराला एक फाटा. फाटा म्हणजे पोट फुगलेला जाडजूड पाइप, त्याला सदऱ्याच्या बाहीसारखी एक आखूड बाही. लाइनमधलं पाणी त्या बाहीतून घराकडे वळतं. पाइप साच्यात निघतात, फाटा हाताने करावा लागतो, आणि तो दादासारखा कुणाला जमत नाही हे दादाचे शत्रूही मान्य करायचे. शत्रू म्हणजे अर्थात सख्खी बहीण.

"एक फळी," आत्या म्हणाली. "दादा, भट्टीतली फक्त एक फळी दे."

आत्या पन्नाशी ओलांडलेली. भावंडांत शेंडेफळ, म्हणून दोन्ही भाऊ तिला अजून छोटी म्हणायचे आणि ती अजून ऐकून घ्यायची. कारखान्यातल्या ताटल्यांवरची नक्षी तिची. पूर ओसरल्यापासून मात्र तिने एकही ताटली रंगवली नव्हती. उरल्यासुरल्या मातीतून ती गल्लीतली माणसं करत बसली होती. शिवणयंत्र डोक्यावर घेऊन कमरेभर पाण्यातून निघालेली शिंपीण. छपरावर शेळीला मिठी मारून बसलेले मास्तर. गळ्यापर्यंत पाण्यात उभा आणि तरी छत्री उघडी धरलेला मुकादम. खिडकीच्या कट्ट्यावर सगळे ओळीने वाळत होते, कच्चे, बोट लागलं तर भुगा होतील असे.

"लोकांच्या पाठी मोडताहेत पाणी आणून आणून," दादा म्हणाला, "आणि तू त्यांच्या बाहुल्या करतेस."

"बाहुल्या नाहीत. ती शिंपीण आहे."

"शिंपीण जिवंत आहे ना? रोज दिसते ना रस्त्यात? मग?"

"जिवंत आहे म्हणूनच केली."

यावर मधल्या भावाने काटा खाली ठेवला आणि घसा खाकरला. सगळ्यांनी मान खाली घातली. त्याला घरात वकील म्हणायचे. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता, भट्टी भरणं आणि पेटवणं हे त्याचं काम. पण कुठल्याही वादात दोन्ही बाजू तोच मांडायचा आणि शेवटी निकाल लागेल त्या बाजूला उभा असायचा.

"छोटीचं म्हणणं असं," वकील म्हणाला, "की माणूस म्हणजे नुसती तहान नव्हे."

"छोटीला तोंड आहे," वहिनी म्हणाली.

"आणि दादाचं म्हणणं असं, की तहानलेला माणूस मूर्ती बघत नाही. दोन्हीत तथ्य आहे."

"तू कुणाकडून आहेस ते सांग," दादा म्हणाला.

"मी भट्टीकडून आहे," वकील म्हणाला आणि बटाटा तोंडात टाकून मोकळा झाला.

तेवढ्यात दादाची मुलगी ड्यूटी संपवून आली. ती हॉस्पिटलात नर्स, आणि घरातही सगळे तिला नर्सच म्हणत. आत्याचा चेहरा उजळला. ही पोर लहानपणापासून तिच्या बाकड्याखाली वाढली होती, मत कुणाला पडणार हे उघड होतं.

"नर्सबाई, तूच सांग," आत्या म्हणाली.

नर्सने बूट काढले आणि ती खुर्चीत बसली. "आत्या, आज वॉर्डात पुन्हा जुलाबाची माणसं आली. डबक्याचं पाणी प्यायली होती. आधी पाणी येऊ दे गं."

टेबल कुठेच कललं नाही. आत्याने आपली ताटली थोडी पुढे सरकवली.

मग दादाच्या बायकोने, वहिनीने, निकाल दिला, कारण शेवटी तीच द्यायची. घरासाठी पाणी आणणारीही तीच होती. दिवसातून कितीतरी वेळा दोन बादल्या घेऊन चढायचं, भरून उतरायचं, आणि वाटेत गल्लीतल्या निम्म्या लोकांना सुनवायचं. "पाइप आणि फाटे," ती म्हणाली. "मूर्तींना पाणी भरावं लागत नाही, मला लागतं. विषय संपला."

"बरं," आत्या म्हणाली.

एवढंच. आदळआपट नाही, टोमणा नाही. आत्याचं नुसतं 'बरं' या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याने सगळ्यांची भूक गेली.

*

भट्टी भरायच्या दिवशी नर्सची दुपारची ड्यूटी होती. सकाळी ती मागच्या अंगणात आली तेव्हा वकीलकाका कमरेपर्यंत भट्टीत होता, फक्त मागची बाजू बाहेर. पाइप उभे करून ओळी लावायच्या, वर उरलेल्या जागेत आडवे फाटे, मग विटांनी दार चिणायचं.

नर्सच्या एप्रनच्या खिशात मास्तर होते. शेळीसकट, रुमालात गुंडाळलेले.

खरे मास्तर तिच्या वॉर्डात होते. पाय मोडला होता, तो जुळत होता, पण पुरापासून ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि कुणाशी चकार शब्द बोलत नव्हते. डॉक्टर झाले, शाळेतली मुलं येऊन गेली, काही नाही. टेबलावरच्या भांडणाच्या आदल्या दिवशी नर्सने आत्याच्या कट्ट्यावरून ही मूर्ती उचलून नेली आणि त्यांच्या उशाशी ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. नेताना शेळीचा एक कान पडला. मास्तरांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "शेळीला शिंगं होती." मग म्हणाले, "आणि मी एवढा घाबरलो नव्हतो." मग जेवण मागितलं. त्याच दिवशी नर्सने मूर्ती गुपचूप कट्ट्यावर परत आणून ठेवली.

हे तिला टेबलावर सांगता आलं असतं. पण जुलाबाची माणसंही खरी होती, आणि दोन खऱ्या गोष्टींतली एक निवडताना तिने पाणी निवडलं होतं. पुन्हा विचारलं असतं तरी पाणीच निवडलं असतं. फक्त त्या दिवसापासून आत्या समोर आली की तिला रडू यायचं. म्हणून तिने आत्याकडून मूर्ती मागून घेतली होती, शेळीला शिंगं लावून घेतली होती, आणि "वॉर्डात नेते" असं अर्धं खरं सांगून खिशात घातली होती.

पाइप पोकळ असतो. हे काही मोठं ज्ञान नव्हे, पण गेले दोन दिवस तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

तिने इकडेतिकडे बघितलं, वाकली आणि दाराजवळच्या पाइपात हात घातला.

"तिथे नको," भट्टीतून आवाज आला. "तिथे जाळ कमी लागतो, कच्चं राहील. डावीकडे ठेव."

"काका! मी नुसतं..."

"मी काही पाहिलं नाही," वकील म्हणाला. "मला पाठीला डोळे नाहीत. डावीकडून तिसऱ्यात नको, तिसऱ्यात शिंपीण आहे."

नर्सने भट्टीत डोकं घातलं. "तू ठेवलीस?"

"कोण ठेवणार? मी भट्टीकडून आहे." तो मागे सरकत बाहेर आला, केसांत राख. "मुकादम मात्र कुठेच मावेना. छत्री आडवी येते. बूड पुसलं का?"

हा प्रश्न घरातला होता. आत्याच्या वस्तूंना झिलईचा लेप असतो. भट्टीत तो वितळतो आणि काचेसारखा होतो. वस्तूच्या बुडाला तो राहिला, तर ती खालच्या पृष्ठभागाला कायमची चिकटते, म्हणून ठेवण्याआधी बूड ओल्या फडक्याने पुसायचं. पिढ्यानपिढ्या सांगून सांगून ते वाक्य कारखान्यातून घरात आलं होतं. कुणी परीक्षेला निघो, प्रवासाला निघो, मुलगी बघायला निघो, दारात विचारायचं, "बूड पुसलं का?" सगळ्यात जास्त विचारायचा तो दादा. नर्स पहिल्या दिवशी नोकरीवर निघाली तेव्हा फाटकापर्यंत येऊन त्याने विचारलं होतं, पाहुण्यांसमोर.

"पुसलं," नर्स म्हणाली.

"मग आत्याला सांगू नकोस. तिने 'बरं' म्हटलंय, ती शब्द मोडणार नाही. आपण कुठे शब्द दिलाय?"

*

दादा त्याच वेळी शेडच्या कोपऱ्यात एकटा बसला होता. समोर शेवटचा फाटा होता आणि फाट्यामागे ओल्या फडक्याखाली वीतभर उंचीचं काहीतरी.

तो स्वतःवर चिडलेला होता. तीस वर्षं त्याने पाइप आणि फाटे केले. लहानपणी तोही मूर्ती करायचा, पण वडील गेल्यावर कारखाना कुणीतरी चालवायला हवा होता, आणि छोटीचा हात त्याच्यापेक्षा चांगला हे त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं. त्याने साचे घेतले, तिने कुंचला. तक्रार नव्हती. पण पूर ओसरल्यापासून काम संपलं की हात रिकामे व्हायचे, आणि हात रिकामे झाले की पाणी यायचं. डोळ्यांसमोर. पायरी बुडाली, उंबरा बुडाला, बायको ओरडतेय आणि आपल्याला दार उघडता येत नाही. मग एका संध्याकाळी त्याने उरलेली माती उगाच दाबायला घेतली, आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं, की आपण मघापासून कुठे नाक जास्त झालंय एवढंच बघतोय. तेवढा वेळ पाणी आलंच नव्हतं.

हे टेबलावर कबूल करणं शक्य नव्हतं. टेबल कलून पडलं असतं.

काल छोटी बाहेर गेल्यावर त्याने तिच्या बरणीतली हिरवी झिलई थोडी चोरली होती. आता शेवटचा हात मारला, फडकं भिजवून पुसायला घेतलं, तेवढ्यात—

"अहो! चहा घेताय की ओतू?"

वहिनीची पावलं शेडकडे येत होती. दादाने फडकं फेकलं, मूर्ती उचलली आणि फाट्याच्या पोटात सारली. ती तिथे अशी नीट उभी राहिली की जणू तिच्याच मापाने फाटा केला होता.

"काय करताय?"

"फाटा," दादा म्हणाला.

"कान का लाल झालेत?"

"उकडतंय."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं, फाट्याकडे बघितलं आणि चहा ठेवून गेली. शेवटचा फाटा दादाने स्वतः उचलून भट्टीत नेला. वकील मदतीला आला तर त्याच्यावर खेकसला.

*

भट्टी उघडायची ती सकाळी, पूर्ण निवल्यावर. मुकादम गाडी घेऊन आला होता. शिंपीण आली होती, आणखी चारदोन शेजारी आले होते, कारण पाइप म्हणजे पाणी आणि पाणी बघायला कोण येणार नाही? आत्या सगळ्यांच्या मागे, हाताची घडी घालून उभी होती. ती यायचीच नव्हती, वहिनीने ओढून आणलं होतं. कट्ट्यावरच्या मूर्ती वकिलाने माळ्यावर नीट ठेवल्यात अशी तिची समजूत होती.

वकिलाने विटा काढल्या, पहिला पाइप बाहेर घेतला आणि बोटाच्या पेराने वाजवला. टण्. घंटेसारखा. मुकादमाने सुटकेचा श्वास टाकला. दुसराही वाजला. तिसरा उचलला तर तळाशी रेतीत शिंपीण उभी होती, डोक्यावर शिवणयंत्र घेऊन.

"मी नाही ठेवलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की सगळ्यांना पटलं.

वहिनी सावकाश वळली. वकील आभाळाकडे बघू लागला. नर्सने पुढे होऊन चौथा पाइप उचलला, मास्तर आणि शेळी खिशात घातली आणि म्हणाली, "आई, ओरडायचं असेल तर दोघांवर ओरड. अर्धं अर्धं."

मग निघतच गेलं. पाचव्यातून मांजर, सातव्यातून पोस्टमन, मागच्या ओळीतून न्हाव्याचं अख्खं कुटुंब. मुकादम अखेर कोपऱ्यातल्या पाइपामागे सापडला, छत्रीसकट.

खरी शिंपीण स्वतःला हातात घेऊन निरखत होती. "माझ्या एकाच पायात चप्पल दाखवलीय," ती म्हणाली.

"एकच होती," आत्या म्हणाली.

"हो, एकच होती!" शिंपीण म्हणाली आणि हसायलाच लागली. आधी खुदकन, मग पोट धरून, मग डोळे पुसत. "बाई गं, मी चप्पल शोधायला मागे वळले होते! डोक्यावर यंत्र, घर बुडतंय, आणि मी चप्पल शोधतेय!" पुरानंतर गल्लीने शिंपिणीला हसताना पाहिलं नव्हतं. हसण्याची लागण होते. मुकादमसुद्धा आपली छत्री बघून हसला, आणि लगेच म्हणाला की पाऊस होता, छत्री उघडणं हा नियम आहे.

वहिनीने ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

मग फाटे निघाले. मोडतोड धरून चार जास्तीचे केले होते, ते चारही तडकले होते. दरवेळी तडकतातच. उरले ते बरोबर घरटी एक. मुकादमाने शेवटचा हातात घेतला आणि हलवला.

"यात काय आहे?"

दादा पुढे आला. "द्या इकडे."

"अडकलंय काहीतरी. हलत नाही."

आत्याने वाकून फाट्याच्या बाहीला डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही. मग सरळ झाली आणि भावाकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दादाने तिच्या सातव्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "बूड पुसलं नाहीस."

वकील पाठ फिरवून हसायला लागला. नर्सने तोंडावर हात घेतला. आयुष्यभर ज्याने अख्ख्या गावाला बूड पुसायला लावलं, त्याचीच वस्तू काचेसारखी घट्ट चिकटून बसली होती, आणि तीही फाट्याच्या बरोबर मध्यात, जिथून पाणी वळायला हवं.

"हसून घ्या," दादा म्हणाला. कान पुन्हा लाल. "छिन्नी आण रे. तुकडे करून काढतो. फाट्याला काही होत नाही."

"मूर्ती राहणार नाही," आत्या म्हणाली.

"घरटी एक फाटा आहे, छोटे. हा गेला तर कुणाचं तरी घर पाण्याविना राहील. मीच म्हटलं होतं ना, जागा नाही म्हणून?"

वकिलाने छिन्नी आणि हातोडी आणली. दादाने फाटा मांडीवर घेतला, छिन्नी आत सरकवली आणि थांबला. पुन्हा नेम धरला आणि पुन्हा थांबला.

"थांबा," वहिनी म्हणाली. "बघू दे आधी."

"बघण्यासारखं काही नाही त्यात."

"अहो, बघू द्या म्हटलं ना."

ती गुडघ्यावर बसली आणि बाहीला डोळा लावला. आत हिरवट उजेड होता, आणि उजेडात एक बाई चढ चढत होती. दोन्ही हातांत बादल्या. पाठ थोडी वाकलेली, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, कारण उजव्या हातातली बादली नेहमी जास्त भरली जाते. हे वहिनीला स्वतःला माहीत नव्हतं, आत्ता कळलं. बाईचं तोंड उघडं होतं. दमून की कुणाला तरी बोलत, ते सांगता येत नव्हतं. बहुतेक दोन्ही.

ती चढत असताना रोज कुणीतरी तिच्याकडे बघत होतं. तिला वाटायचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

"नाक एवढं मोठं आहे माझं?" तिने डोळा न काढता विचारलं.

"जरासं जास्त झालं," दादा म्हणाला. "कमी करणार होतो. तू चहा घेऊन आलीस."

"छोटीने गल्लीतल्या सगळ्यांना केलं. मला नाही केलं."

"मला भीती वाटली, वहिनी," आत्याने कबूल केलं.

"आणि तुम्हाला नाही वाटली?"

"वाटली की," दादा म्हणाला. मग सगळ्यांसमोर, शिंपीण आणि मुकादमासकट, म्हणाला, "पण हे करत असताना पुराचं पाणी दिसायचं नाही गं. तूच दिसायचीस."

वहिनी उठली. गुडघ्यावरची राख झटकली, दादाच्या हातातून छिन्नी काढून घेतली आणि वकिलाकडे दिली.

"मुकादम, लाइन शिंपिणीच्या घरापर्यंत टाका. आमचं घर पलीकडे आहे, ते राहू द्या."

"वहिनी, उन्हाळ्यापर्यंत दुसरी भट्टी नाही," मुकादम म्हणाला. "तोपर्यंत पाणी वाहावं लागेल."

"माहीत आहे."

"तुम्हीच म्हणाला होतात," वकील म्हणाला, "मूर्तींना पाणी भरावं लागत नाही..."

"वकीलसाहेब, निकाल बदलला."

तिने फाटा दोन्ही हातांनी उचलला. जड होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचा म्हणाली, बाही आतल्या बाजूला करून. मग दादाकडे वळली.

"बादल्या दाराशी आहेत. आणि चढताना तोंड असंच उघडं ठेवा, दम कमी लागतो."

दादाने बादल्या उचलल्या. लाइन अजून पडायची होती, त्यामुळे आज तरी झऱ्यापर्यंत जावंच लागणार होतं. चढाच्या मध्यावर त्याने एकदा वळून बघितलं. बायको अंगणात तशीच उभी होती आणि फाट्याच्या एका तोंडाला डोळा लावून दुसऱ्या तोंडातून त्याच्याचकडे बघत होती.